आतून उघडलेली दारं

१९ एप्रिल

ऊन असं की दुपारी गल्लीत कुत्रंही दिसत नाही. प्रकाशने आज घरच्या कूलरची खस बदलली. धाकटा भाऊ घरात असण्याचा एवढा तरी फायदा. बायकोशी, रेखाशी, भांडून फेब्रुवारीत कुहीहून आला तो आलाच. धानाची शेती तिच्यावर टाकून इथे लोकांचे कूलर दुरुस्त करत फिरतो. परत जा म्हटलं की म्हणतो, "सीझन तर होऊ दे वं ताई."

कॉलनीच्या ग्रुपवर दिवसभर एकच. वाठोड्यात एकटी राहणारी म्हातारी गेली. तोंडावर उशी दाबून. मागच्या महिन्यात लकडगंजची, तीही एकटी, तीही भर दुपारी. दार फोडलेलं नाही, आतून उघडलेलं. अंगावरचं सोनं तसंच. मग मारलं कशासाठी?

ऋचाचा पुण्याहून फोन. "आई, बरं झालं मामा आहे तुझ्याजवळ." मीही तेच म्हटलं.

२७ एप्रिल

डोर्लीकर काकू.

लिहवत नाही, पण लिहिते. मागच्याच गल्लीतल्या. आमच्या गच्चीवरून त्यांचं अंगण दिसतं. मुलगा हैदराबादला. फोन उचलत नाहीत म्हणून त्याने शेजाऱ्यांना बघायला सांगितलं. दार नुसतं लोटलेलं, कूलर जोरात चालू, काकू दिवाणावर. उशी बाजूला. कूलरच्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार.

डॉक्टर म्हणतात दुपारचीच गोष्ट. म्हणजे मी ऑफिसातून जेवायला घरी आले होते, तेव्हा कदाचित तिकडे...

प्र. संध्याकाळी आला. सांगितलं तर म्हणाला, "कोणत्या? पांढऱ्या घरातल्या?" जेवला. नेहमीइतकंच जेवला.

२८ एप्रिल

पोलीस घरोघरी फिरले. आमच्याकडे एक पीएसआय मॅडम आल्या, ऋचाच्या वयाच्या असतील. घरात कोण कोण, काय करतात, वगैरे.

"भाऊ काल दुपारी कुठे होते?"

"घरीच. मी जेवायला आले ना, माझ्यासोबतच जेवला."

हे मी बोलले. किती सहज. प्र. तिथेच चौकटीला टेकून उभा होता. मॅडमनी लिहून घेतलं, पाणी प्यायल्या, गेल्या.

काल दुपारी मी आले तेव्हा दाराला कुलूप होतं. सकाळी झाकून ठेवलेलं त्याचं ताट तसंच. मी एकटी जेवले आणि परत ऑफिसला गेले.

का बोलले? लोक कूलरवाल्यांच्याच नावाने बोलून राहिलेत म्हणून. भाऊ आहे म्हणून. निघून गेलं तोंडातून.

 त्या गेल्यावर, असं काहून सांगितलं, एवढं तरी प्र.ने विचारायचं. बाथरूमचा बल्ब गेला होता, तो बदलत बसला.

२ मे

विचारलं शेवटी. भाजी निवडता निवडता, सहज विचारावं तसं.

"त्या दुपारी कुठं होता गा तू?"

"काहून?"

"विचारून राहिली."

"कूलरचा पंप आणाले गेलो होतो. लकडगंजले."

"त्या वारी तर तिकडली दुकानं बंद राहतात."

"तेच तं. बंद होतं. मग वापस आलो."

वापस आलास तर घरी का नव्हतास, हे ओठावर आलं होतं. भाजी निवडत राहिले.

मार्चमध्ये काकूंच्या कूलरची खस यानेच बसवली. मीच पाठवलं होतं. आणि तो मला विचारतो, पांढऱ्या घरातल्या का? मॅडमना मी हे सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

९ मे

आज प्र.ने स्वतःचा शर्ट स्वतः धुतला. इतक्या दिवसांत कधी नाही. तो बाहेर गेल्यावर दोरीवरचा शर्ट हातात घेऊन पाहिला. ओला शर्ट. काय दिसणार होतं? मान वर केली तर मेश्रामबाई त्यांच्या गच्चीवरून बघत होत्या. उगाच हसले. त्या हसल्या नाहीत.

ग्रुपवर कोणीतरी टाकलं, कूलरवाल्याले घरात घेऊ नका, अनोळखी असो की ओळखीचा. खाली अंगठ्यांची रांग. त्यात एक माझा. न द्यावा तर लक्षात आलं असतं.

"ओळखीचा" हे कोणासाठी होतं?

१४ मे

आज जे केलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही.

डोकं दुखतं सांगून ऑफिसातून निघाले. प्र. गल्लीच्या तोंडाशी दिसला, सायकलला पिशवी अडकवून. तोंडाला ओढणी, डोळ्यांवर गॉगल. उन्हाळ्यात इथे सगळ्याच बायका अशा असतात, ओळखणार कोण. गाडी हळू हळू त्याच्या मागे.

लकडगंज. लाकूड कापायच्या आरामशिनींच्या मागे एक बोळ आहे. तिथे एका बंद शटरच्या पायरीवर तो बसून राहिला. काम नाही, फोन नाही, नुसता बसून. मी लाकडाच्या थप्पीआड उभी. मग उठला, समोरच्या घराचं दार ढकललं. वाजवलं नाही, ढकललं. आत गेला.

मी काय करत होते तिथे? ओरडायला हवं होतं की नाही? तिथेच उभी राहिले. कूलरचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. बराच वेळ.

बाहेर आला. सायकल घेतली, गेला. मी धावतच जाऊन दार वाजवलं.

दार उघडलं. हसऱ्या तोंडाची म्हातारी, कपाळावर मोठं कुंकू. जिवंत. मला तिथेच रडू फुटणार होतं. पाणी मागितलं. तिने आत बसवलं. सुशीलाबाई. पोरगी रायपूरला, एकट्याच.

"आता कोण गेलं इथून?"

"तो? परकाश. कूलरवाला. काम नसलं तरी येते. पाणी पाहते कूलरचं, मंग गोष्टी सांगत बसते. मायच्या, गावच्या. त्याच्यासाठी मी कडीच नाही लावत दुपारी."

"लावत जा. कोणालाही घेऊ नका घरात. किती काय चालू आहे शहरात."

"मंग तुले काहून घेतलं?" म्हातारी खळखळून हसली.

मी त्याची बहीण आहे, हे सांगितलं नाही. त्याचं नाव घेऊन सावध करायचं, तेही केलं नाही. नुसतं, कडी लावा. बाहेर पडताना परत एकदा, कडी लावा.

आमची आई गेली तेव्हा प्र. शेवटपर्यंत तिच्या उशाशी बसला होता. हे आत्ता का आठवावं? कोणत्या बाजूने आठवतंय तेच कळत नाही.

१ जून

प्र. कुहीला गेला. रोपांसाठी धानाचे परे टाकायचे आहेत म्हणे. मला हलकं वाटलं. मग त्या हलकं वाटण्याची लाज.

कामाची पिशवी इथेच ठेवून गेला, ती उपसली. पाना, टेस्टर, वायरचे तुकडे, अर्धी बिडी. सगळं परत तसंच ठेवलं.

३ जून

सुशीलाबाई.

ग्रुपवर फोटो आला. कुंकवावरून ओळखलं.

कडी लावलेली नव्हती.

४ जून

सकाळी रेखाला फोन केला. आडून आडून. पाऊसपाणी, परे.

"प्रकाश काय करून राहिला?"

"इथं कुठं आहेत जी ते? तुमच्याकडेच तं आहेत ना, बाई?"

फोन हातात धरून बसून राहिले. ती हॅलो हॅलो करत होती.

दुपारी ठाण्यात गेले. त्याच मॅडम. म्हटलं, माझा जबाब बदलायचा आहे. त्या दुपारी भाऊ घरी नव्हता. काकूंकडे काम केलं होतं त्याने. सुशीलाबाईंकडे जाताना मी डोळ्यांनी पाहिलं. तीन दिवसांपूर्वी कुहीला म्हणून गेला तो कुहीला नाही. सगळं बोलले. बोलताना आवाज माझा वाटत नव्हता.

"ताई, हे आधी का नाही सांगितलं?"

"भाऊ आहे."

"त्या बायकाही कोणाच्या कोणीतरी होत्या ना." ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी खरं बोलले असते तर सुशीलाबाई... की तरीही गेल्या असत्या? प्र.ने काही केलंच नसेल, तर माझ्या खऱ्याने काय वाचलं असतं? कसंही धरलं तरी हातात काही येत नाही.

५ जून

संध्याकाळी प्र. घरी आला. दाढी वाढलेली, चपलेला चिखल. "चहा टाक ना ताई."

चहा टाकला.  त्याच्यासमोर कप ठेवला आणि म्हटलं, "मी ठाण्यात जाऊन आली. खरं सांगून आली."

त्याने वर पाहिलं.  चहा संपवला, कप मोरीत नेऊन धुतला, आणि दारात जाऊन बसला. जीप आली तेव्हा स्वतःच उठला. मेश्रामबाई, त्यांचे मिस्टर, समोरचे, सगळे फाटकात. कोणीतरी मोबाइल धरला होता.

१० जून

प्र. अजून तिकडेच. ऋचा रोज फोन करते. आज म्हणाली, "तू त्याच्यासोबत एकटी राहत होतीस, आई." आणि रडली. एप्रिलमध्ये याच गोष्टीसाठी खूश होती. तिचं काही चुकलं नाही.

ऑफिसात माझ्या टेबलाशी कोणी थांबत नाही. फाइल ठेवतात आणि जातात.

१७ जून

सोडला. पुरावा नाही. मॅडमनीच फोनवर सांगितलं, "ठसे जुळत नाहीत. पण सुटला म्हणजे त्याने नाही केलं, असंही मी म्हणणार नाही." मग मी काय म्हणायचं?

प्र. घरी आला, कपडे भरायला. उजवा पाय ओढत होता. त्याचं म्हणणं असं. मार्च संपला आणि लोकांनी घरात घेणं बंद केलं. काम नाही हे मला सांगायची लाज वाटली. म्हणून दिवसभर कुठेही बसायचा. स्टेशनवर, झाडाखाली, आरामशिनींच्या मागे. काकूंच्या दुपारी स्टेशनवर होता, पंपाचं उगाच सांगितलं. कोणी पाहिलं? हजार लोकांनी पाहिलं आणि कोणीच नाही. जूनमध्ये कुहीला उतरला खरा, पण रेखासमोर जायची हिंमत झाली नाही. गावाबाहेरच्या देवळात पडून राहिला. एका शेळ्या चारणाऱ्याने पाहिलं, पण कोणता दिवस ते त्याला सांगता येईना.

सगळं खरं असू शकतं. माझ्या भावाला मी ओळखते, तो असाच आहे. आणि सगळं रचलेलंही असू शकतं.

"डोर्लीकर काकूंले ओळखत होता ना तू? मंग पांढऱ्या घरातल्या का, असं काहून म्हटलं?"

"मले नावं नाही राहत लक्षात. घरं राहतात."

पिशवीची चेन लावून दाराशी थांबला. "ताई, एक सांग. पुलीसबाई आली तेव्हा तू मले काही विचारलं नव्हतं. मी बी काही बोललो नव्हतो. मंग घरी होता असं कसं सांगितलं? तेव्हाच वाटलं होतं का तुले?"

"नाही रे."

"मंग?"

मी गाडीची किल्ली घेतली. गेला. बसस्टँडवर सोडते म्हटलं तर नको म्हणाला. गल्लीतून लंगडत जाताना सगळ्यांच्या खिडक्यांचे पडदे हलत होते.

३० जुलै

सुशीलाबाईंनंतर एकही नाही. ग्रुपवर लिहितात, "बघा, आपोआप बंद झाले." नाव कोणी घेत नाही. मेश्रामबाई आता बोलतात माझ्याशी, फार गोड बोलतात.

कूलर सगळ्यांचेच बंद आहेत. दुपारी गल्लीत माणसं असतात. म्हणून थांबले असतील? की तो इथे नाही म्हणून?

१२ सप्टेंबर

जरीपटक्याकडे एक म्हातारी घरात मेलेली सापडली. दार उघडं होतं म्हणे. पोलीस म्हणतात हार्टचं, त्या प्रकरणाशी संबंध नाही. बातमी वाचून पहिल्यांदा काय वाटलं ते लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. वाटलं, खून असू दे, म्हणजे प्र. नव्हता हे तरी ठरेल. मग लगेच रेखाला फोन. प्र. तिथेच होता, शेतात. दिवसभर? दिवसभर, बाई. ती माझ्यासारखंच तर बोलत नसेल?

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना त्या म्हातारीची माफी मागितली.

१६ ऑक्टोबर

प्र.चा फोन. जूननंतर पहिला. रेखाशी जमलंय म्हणे. धान चांगलं आहे. पाय बरा आहे, थंडीत दुखेल.

मग, "ताई, भाऊबीजेले येऊ का?"

ऋचाने आधीच सांगून ठेवलंय, मामा असेल तर मी घरात पाय ठेवणार नाही. इकडे गल्ली. इकडे मी. मागे त्याच्या शेतातल्या बायांचे आवाज ऐकू येत होते, कोणीतरी हसत होतं.

"तू नको येऊ. मीच येते कुहीले."

 "मी येऊ नये म्हणून?"

हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही.

"ये," म्हणाला. "रेखाले सांगून ठेवतो. मुक्कामी राहशील का?"

"पाहते."

ऋचाला काय सांगायचं ते अजून ठरलं नाही. सकाळच्या बसने जाईन. पाट मांडतील, तो समोर बसेल, माझ्या हातात ताट असेल. ओवाळताना तोंडाकडे बघावंच लागतं. बघेन. कळेल असं नाही.