शेवटचे दोनशे यार्ड

११ जानेवारी १९५४

कथा परत आली! संपादकांनी पेन्सिलीने लिहिलंय — ‘यात बोलतंय कोण, ते कळत नाही.’ अहो, तोच तर प्रयोग होता! अकरा पानं काढली, एकदाही ‘मी’ न लिहिता.

प्रॅक्टिसला सांगितलं तर ह्युबर्ट म्हणतो, "मंग बरोबर हाय, कवी. सायकलवर पन तू तेच करतोस ना!"

हसला. सगळ्यांबरोबर हसावं लागलं.

१७ जानेवारी

एकदा सरळ लिहून काढतो.

आमची टीम तिघांची. लवू सुरुवातीला पुढे राहून ओढतो. तो दमला की माझी पाळी. ह्युबर्ट माझ्या मागच्या चाकाला चिकटलेला — वारा सगळा माझ्या छातीवर, तो आडोशाला. दोनशे यार्ड उरले की तो ओरडतो, "सर!" की बाजूला व्हायचं. तो ताज्या पायांनी सुटतो. हार त्याला, फोटो त्याचा. तीन वर्षं!

त्याचे नियम दोनच. वारा ज्या अंगाने येतो त्याच अंगाला सरायचं, कारण मागचा दुसऱ्या अंगाला असतो. पहाटे वारा जमिनीवरून येतो, म्हणून अंधेरीकडे परतताना आपण नेहमी डावीकडे सरतो. झोपेतसुद्धा डावीकडेच सरू.

आणि मागे वळून बघायचं नाही. कधीच नाही. "मी हाय मागं. बघितलास का चाक हललाच."

पुढच्या रविवारी जो पहिला येईल, तो राज्याच्या टीममधून दिल्लीला. एकच जागा. ह्युबर्ट सव्वीसचा. म्हणाला, "यंदा नाय तर मंग सायकल डबा पोचवायला."

२० जानेवारी

आज "सर" म्हटल्यावर सरलो नाही. सात-आठ पॅडल जास्तीची मारली. ह्युबर्टला बाहेरून यावं लागलं, जेमतेम आला.

"ऐकू नाय आला काय रे?"

नाही म्हटलं.

आलं होतं.

२४ जानेवारी, रविवार

लिहितो.

रेस सोडायला येणारे पाहुणे चार तास उशिरा! सातची रेस अकराला सुटली. घोडबंदरपर्यंत जाऊन परत अंधेरी. लवूने बोट ओलं करून वर धरलं — "वारो फिरलो रे! दर्यावरचो खारो सुटलो. येताना उजवीक सर, कवी, इसरू नको हां!" हो म्हटलं. डोक्यात घोकत होतो. उजवीकडे, उजवीकडे.

मालाडपर्यंत लवूने ओढलं. मग माझी पाळी. जोगेश्वरीला बाकीचे सगळे मागे पडले. तोंडात धूळ, मांड्या पेटलेल्या. लांबवर पेट्रोल पंपापुढची चुन्याची पट्टी दिसली. मागून "सर!"

सायकल डावीकडे गेली.

पत्रा आपटावा तसा आवाज. कोणीतरी किंचाळलं. पाय थांबले नाहीत. का थांबले नाहीत? पट्टी ओलांडली. पहिला!

गळ्यात हार पडला तेव्हा ह्युबर्टला टांग्यात घालत होते. खांद्याचं हाड मोडलंय.

सवयीने झालं. सगळे तेच म्हणतात.

२५ जानेवारी

सवयीने.

२७ जानेवारी

यादी लागली. माझं नाव. लवू समोरून आला — एवढंच बोलला, "सांगितलेलंय ना तुका." आणि गेला. त्याने दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाकी सगळे समजूत घालतात. होतं असं. मनाला लावून घेऊ नको. एकालाही शंका येऊ नये? एवढा साधा दिसतो का?

३० जानेवारी

मरोळला त्याच्या घरी गेलो. दारातूनच परत फिरत होतो, त्याच्या आईने — सेराफिनाआंटीने — बघितलं. ह्युबर्ट झोपला होता. आंटीने जबरदस्तीने बसवलं, समोर फुगे ठेवले. मैद्याचे, फुगलेले, गरम. मान खालीच ठेवली.

"आरे पोरा, तू काय मुद्दाम केलास? नाय ना? मंग खा."

चार खाल्ले! घशाखाली गेलेसुद्धा. माणूस कशाचा बनलेला असतो?

डॉक्टर म्हणे, हात खांद्याच्या वर जाणार नाही. रेस संपली.

२ फेब्रुवारी

जुनी कथा काढली. ‘मी’ घालून लिहायला बसलो. दिवसभरात एक वाक्य नाही. फाडली.

५ फेब्रुवारी

आज ह्युबर्ट जागा होता. हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली. माझ्या नव्या टायरची चौकशी केली! दिल्लीला थंडी असेल, स्वेटर घे म्हणाला. आंटी चहा टाकायला आत गेली, तसा हळू बोलला —

"सरायच्या आधी तू मागं बघितलास, कवी. तीन वर्षांत पयल्यांदा. मी कुठल्या अंगाला हाय, ते बघितलास."

चुलीवर भांड्याचा आवाज येत होता.

"कोनाला बोललो नाय मी. बोलनार पन नाय. तू जा."

बघितलं होतं.

मी बघितलं होतं.