फोन का लागत नव्हता

निरवांगी, ता. इंदापूर
१९ जानेवारी १९९९

चि. समाधान यास मोहनमामाचे आशीर्वाद.

इकडं नाना, तुझी मामी आणि म्हैस बरी आहेत. तुझं कसं आहे हे विचारायची रीत आहे, पण परवा सावडायला आलो तेव्हा तू माझ्याकडं पाठ करून बसलास, त्यावरून कळलं. (तुझ्या बायकोनं, अंजलीनं, तुझी नजर चुकवून मला चहा दिला. तिला रागावू नकोस.) तुझा राग बरोबरच आहे. तुझी आई गेली, तिला माहेरचं शेवटचं लुगडं सख्ख्या भावानं आणायचं असतं, तुम्ही दुपार कलेपर्यंत तिला घरात ठेवून वाट बघितली, आणि भाऊ आलाच नाही. अक्का माहेरच्या कपड्याविना गेली. हे कसं झालं ते तोंडानं सांगणं जमायचं नाही, म्हणून लिहितो. मास्तर माणूस, लांबण लागेल, तेवढी सोसून घे.

शाळेला दिवाळीनंतर कॉम्प्युटर मिळाला हे तुला माहीतच आहे. उद्घाटनाला नारळ फोडला, त्याचं पाणी बटणांत गेलं, तेव्हापासून त्यातली दोन-तीन रुसलेलीच आहेत. हेडमास्तर मानसिंगरावांनी ते यंत्र माझ्या गळ्यात घातलं, कारण मी एकदा तुझ्या ऑफिसात ते चालू असलेलं पाहिलं होतं. तेवढ्यावर मी गावचा तज्ज्ञ. घरी नानांना सांगितलं, आता आमचा वर्ग ऑनलाईन होणार. आमचा म्हातारा म्हणाला, लाईन तर रातच्यालाच येती, मग पोरं काय रातची बसवणार हाय व्हय? (आपल्याकडं लाईन म्हणजे वीज, हे तुमच्या कंपनीवाल्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही.)

तर अक्का गेली त्या दिवशी नेमकी दिवसा लाईन होती, म्हणून मी सातवीला ज्वालामुखी दाखवायला घेतला. शाळेच्या फोनची वायर काढून यंत्रात खुपसायची, मग ते घसा खाकरत पुण्याला फोन लावतं, आणि चित्र यायला लागतं. तेही वरून खाली, पट्टीपट्टीनं. पहिल्या तासाला धूर आला. दुसऱ्या तासाला आणखी धूर आला. पाणी भरणाऱ्या सिंधुबाई डोकावून म्हणाल्या, गुर्जी, ही भवानीनगरच्या कारखान्याची चिमणी हाय का वो? मधल्या सुट्टीपर्यंत डोंगर काही उतरला नाही, पण पोरं हूं की चूं न करता बसली होती. खरं सांगतो, मला फार अभिमान वाटत होता. इतकी वर्षं मास्तरकी केली, पण पुस्तकात नाही ते पोरांना दाखवायची ही पहिलीच वेळ. आणि जोवर तो धूर उतरत होता, तोवर तू तिकडून फोन फिरवत होतास आणि शाळेचा फोन एंगेज. गावात दुसरा फोन सोसायटीचा, तो तर पावसाळ्यापासून मेलेलाच आहे. लाईन मी अडवून बसलो होतो रे.

सुट्टीनंतर, पोरांना यंत्रातलं टपाल कसं असतं ते दाखवावं म्हणून ते उघडलं, तर तुझी मेल. मोठ्यानं वाचायला करुणा नावाच्या पोरीला उभं केलं. इंग्रजी अक्षरांत मराठी, तेव्हा बिचारीनं अक्षरं लावत लावत वाचलं: आई गेली. सकाळपासून फोन लागत नाही. लुगडं घेऊन या. थांबतो.

आता मला काय वाटलं ते ऐक, आणि हसू आलं तर हस. अक्का महिनाभर म्हणत होती, नानांना बघायला येते, एसटीत बसले की समाधान कळवील. मला वाटलं, बसली. भाऊबिजेचं लुगडं माझ्याकडं राहिलं होतं, मला वाटलं तू मामाची फिरकी घेतोयस. इतकंच काय, मी त्या वाक्याचं फळ्यावर व्याकरण घेतलं. आई कर्ता, गेली क्रियापद, भूतकाळ. कुठं गेली म्हणून विचारलं, तर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, माहेराला. मी शाब्बास म्हणालो.

मग अर्धी रजा टाकून इंदापूरला गेलो. जांभळं लुगडं घेतलं, बारीक काठाचं (रुंद काठ तिला टोचायचा), आणि स्टँडवर बसलो. पुण्याकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दाराशी जाऊन आत वाकून बघायचो. एक कंडक्टर वैतागून म्हणाला, मास्तर, चढा नाहीतर सरका. तू तिकडं लुगड्यासाठी थांबलास आणि मी इकडं लुगडं घेऊन थांबलो. दिवस मावळताना बूथवरून तुमच्या घरी फोन लावला, अक्का कुठल्या गाडीत बसली ते विचारायला. शेजारच्या बाईंनी उचलला. म्हणाल्या, आत्ताच सगळे स्मशानातून आलेत, आपण कोण बोलताय? मी फोन खाली ठेवला. तशीच पुण्याची गाडी धरायला हवी होती, पण तोंड कुणाला दाखवू असं झालं आणि घरी आलो.

मानसिंगराव विचारत होते, यंत्र वर्गात ठेवायचं का काढायचं. मी म्हणालो, ठेवा. काल पोरांनी उरलेला डोंगर बघितला, त्यांची तोंडं तू बघायला हवी होतीस. फक्त त्याला फोनची वेगळी लाईन घ्या म्हणालो. यंत्राचा दोष नाही. तुझी अक्षरं त्यानं जशीच्या तशी आणून दिली, तुझा आवाज तेवढा आला नाही. फोनवर तू नुसतं मामा म्हणाला असतास तरी मला कळलं असतं. जन्मभर मराठी शिकवलं आणि गेली म्हणजे काय ते मला कळू नये, याचं फार वाईट वाटतं. माफ कर असं लिहीत नाही. दहाव्याला येतोय, तेव्हा माझ्याशी बोल.

तुझा,
मोहनमामा

ता. क. लुगडं कागदातून काढलेलं नाही. त्याचं काय करायचं ते तू सांगशील तसं.

आणखी ता. क. खरं काम राहूनच गेलं. नानांना अजून सांगितलेलं नाही. तुझ्याकडं आलो तेही शाळेच्या कामाला जातो म्हणून. रोज ओट्यावर बसून लेकीची वाट बघतात, विचारतात, तुळसाची गाडी न्हाय का रं आली अजून? माझं तोंड उघडत नाही, तुझ्या मामीचं तर नाहीच. तेव्हा तू एक साधं कार्ड टाक, दहाव्याच्या आत पोचेल असं, आणि दुःखाच्या कार्डाचा फाडतात तसा त्याचा कोपरा फाड. मजकूर काहीही लिही. नानांना वाचता येत नाही, ते फक्त कोपरा बघतील.