तिसरी प्रत

३ नोव्हेंबर
पोहोचले एकदाची निपाणीला! संकेश्वरच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे बस अशी काही रांगत होती की शेजारच्या आजींनी माझं लग्न, नोकरी, कुळी सगळं विचारून घेतलं आणि वर गुळाचा खडा हातावर ठेवला.

कामाची जागा म्हणजे तंबाखूची जुनी वखार. दगडी भिंती, वर पत्रा. दारातच मला सात शिंका आल्या. राखणदार भरमू म्हणाले, पहिला आठवडा सगळेच शिंकतात, मग तंबाखूच माणसाला ओळखायला लागते. माणूस गमतीचा आहे.

आत मात्र थाट वेगळाच. चौसष्ट कोअरचा कॉम्प्युटर, माझ्या खांद्याइतका उंच. धवलदादानं, म्हणजे माझ्या मावसभावानं, सगळं समजावलं. एक अवाढव्य गणित हजारो तुकड्यांत फोडायचं आणि जगभरच्या मशीनना वाटायचं. आपल्या मशीनचा प्रत्येक कोअर एकेक तुकडा उचलतो, सोडवतो, परत पाठवतो. मी फक्त जाळीतली तंबाखूची धूळ झटकायची, मशीन तापू द्यायचं नाही आणि अडकलेला तुकडा पुन्हा सुरू करायचा.

गणित कशाचं, तर कंपवातावरच्या औषधाचं. म्हणून तर मी बेळगावची बरी चाललेली नोकरी सोडून आले. आप्पांना, माझ्या वडिलांना, चहाची बशी धरता येत नाही. मला ते बघवत नाही, म्हणून मी घरी फोनसुद्धा टाळते. वाईट सवय आहे, मला माहीत आहे.

५ नोव्हेंबर
आज नवं शिकले. प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती निघतात आणि तीन ठिकाणी जातात. दोन उत्तरं जुळली की काम पक्कं, तिसरी प्रत रद्द. दादा म्हणाला, वाट विचारताना दोघांनी एकच दिशा दाखवली तर आपण तिसऱ्याला कशाला विचारू? पटलं. रद्द झालेल्या प्रतीची ओळ पडद्यावरून पुसली जाते, मागे काहीच उरत नाही.

ही रोजनिशी मशीनवरच लिहायची, हा दादाचाच आग्रह. मशीनची नोंदवही आहे, पण तू मनातलंही लिही, नाहीतर कंटाळशील, म्हणाला. वखारीत मोबाईलला रेंज नाही, म्हणून घरचे फोनही मशीनवरूनच, हेडफोन लावून. दादा सगळ्याचा किती विचार करतो!

१२ नोव्हेंबर
आठ दिवसांनी घरी फोन केला. आई म्हणाली, अगं, सकाळीच तर तासभर बोललीस. मी म्हटलं, आई, वय झालं तुझं. ती हसली नाही. घाईनं म्हणाली, आप्पांचे हात हल्ली पुष्कळ स्थिर आहेत.

आनंदानं मी भरमूंना खव्याचा कुंदा आणून दिला. पण ते सकाळचं बोलणं डोक्यातून जात नाही.

१७ नोव्हेंबर
दुपारी बाजारातून आले तर भरमू दाराबाहेर उभे. चेहरा उतरलेला. म्हणाले, "आक्का, तुमी बाजारात गेलतासा न्हवं? मग आत आप्पासंगं कोण बोलत हुतं? आवाज तुमचाच की."

आत कोणी नव्हतं. चौसष्ट ओळी नेहमीसारख्या पुढे सरकत होत्या. भरमूंपुढे मी आप्पांचं नाव कधीच काढलं नव्हतं. त्यांनी ते आतूनच ऐकलं होतं.

२१ नोव्हेंबर
आजपासून कागदाच्या वहीत.

तुकडा उघडायचा नसतो, हा इथला नियम. मी उघडला. औषधाचं नावनिशाण नाही. आत माझी वाक्यं होती, या रोजनिशीतली. गुळाचा खडा, सात शिंका, सगळं. दुसरा उघडला. मी हसते कशी. तिसरा. मी रागावले की आधी गप्प कशी बसते. चौथा. जेवले नसताना जेवले म्हणून कसं सांगते. चौसष्टच्या चौसष्ट कोअर मलाच सोडवत बसलेत.

जगभर वगैरे काही नाही. तुकड्यांवरच्या पत्त्यांत मशीन दोनच. एक इथं, दुसरं बेळगावात, कॅम्प भागातल्या दादाच्या घरी.

ज्याला मी दर दिवाळीला ओवाळलं त्यानं हे केलं. आईला सांगायला हवं. आईला तरी.

२३ नोव्हेंबर
सकाळच्या बसनं आई-आप्पांकडे, घरी गेले.

दादा झोपाळ्यावर बसून पोहे खात होता. मला बघून उठलासुद्धा नाही. आतल्या खोलीत आप्पा फोनवर बोलत होते, हसत होते. एका हातात चहानं भरलेली बशी. बशी हलत नव्हती. फोनमधून माझा आवाज येत होता.

मी आईला म्हटलं, दादा फसवतोय तुला. आई म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मीच दादाला सांगितलं होतं, चिनूला निपाणीला ने, तिचं बोलणं भरून घे.

"त्यांचे हात थांबतात गं," ती म्हणाली. "फोनवरची ती रोज तासभर बोलते. तू वर्षात किती बोललीस?"

दादा पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाला, "औषध शोधतोय म्हणालो होतो. सापडलं."

मी आप्पांना हाक मारली. त्यांनी वर पाहिलं, बशी थरथरली, चहा सांडला. आईनं खोलीचं दार ओढून घेतलं. माझ्या तोंडावर. माझ्या आईनं.

२४ नोव्हेंबर
वखारीत परत आले. मशीन बंद करायचंच.

पडद्यावर आज एकच काम. नाव — चिन्मयी. पहिली प्रत, निपाणी: पूर्ण. दुसरी प्रत, बेळगाव: उद्या पूर्ण. तिसरी प्रत, मूळ: चालू.

मूळ म्हणजे मी.

खाली उद्याची, पंचवीस तारखेची नोंद लिहून तयार आहे. माझ्याच भाषेत. शेवटचं वाक्य अर्धवट — 'आप्पा हसले आणि मी हात'. पुढे काही नाही.

वरचं मी वाचलंच नाही. पडदा झाकला. उद्या यातलं अक्षरही मी लिहिणार नाही. आप्पा हसोत की रडोत, बटण दाबणार. आजच दाबलं असतं, पण स्पीकरवर आप्पांचा फोन चालू होता. त्यांचं बोलणं तोडवेना.

२५ नोव्हेंबर
भरमू दारात होते. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्यामागच्या रस्त्याकडे पाहिलं आणि विडी पेटवली. दोनदा हाक मारली —

आईला फोन लावला. म्हणाली, कोण बोलतंय?

आई, मी. मी, चिनू. तिनं फोन —

दुसरी प्रत पूर्ण. दोन्ही जुळल्या.

तिसरी ओळ फिकट होतेय. वहीतली पहिली पानंही. शाई —

बटणावर बोट आहे. डाव्या हातानं बटण, उजव्यानं लिहितेय. दाबलं की मशीनमधली ती गप्प होईल. मग आप्पांची बशी पुन्हा — ते पुन्हा —

दाबते. माझंही घर आहे ते. दाबतेच.

स्पीकरवर ती त्यांना गुळाच्या खड्याची गोष्ट सांगतेय. माझी गोष्ट. आप्पा हसले आणि मी हात