नको म्हणण्याची शिस्त

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. साष्टांगच म्हणणार होते, पण पलंग, टिकलीचं अभ्यासाचं टेबल आणि कपडे वाळत घालायचा स्टँड यांच्यामधून या खोलीत जी जागा उरते तिच्यात आडवं व्हायचं तर माझे पाय दाराबाहेर जिन्यात जातील, आणि वरच्या बाई (म्हणजे आमच्या घरमालकीणबाई) जिन्यात काहीही ठेवलेलं खपवून घेत नाहीत. तेव्हा उभ्याउभ्या केलेला नमस्कार गोड मानून घे. तुझा गुडघा काय म्हणतो? भावजींची तब्येत? आणि त्यांची कवळी? मी इतकी जिवापाड मेहनत घेऊन करून पाठवलेली ती कवळी भावजी फक्त फोटो काढताना लावतात आणि जेवायला बसलं की काढून खिशात ठेवतात, असं तू मागे म्हणालीस, ते मी अजून विसरलेले नाही. टोचत असेल तर तसं कळवा म्हणावं. खिशात ठेवायलाच करायची असती तर मी दातांचा रंग इतका जुळवत बसले नसते.

फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलं असणार. त्याचं असं आहे की फोनवर तू विचारतेस, कशी आहेस, आणि मी म्हणते, मजेत. मग तू विचारतेस, नोकरीचं काय, आणि मी म्हणते, बघतेय, होईल. मग आपण दोघी तुमच्या शेजारच्या पोपटावर येतो. त्या पोपटाबद्दल मला आता स्वतःच्या नवऱ्यापेक्षा जास्त माहिती आहे. पत्रात निदान मधेच कुणी पोपट आणत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

नोकरी गेली हे तुला माहीत आहे, कशी गेली ते सांगितलेलं नाही. आमच्या दात-कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत एक यंत्र आणलं. दिसायला ते मोठ्या मायक्रोवेव्हसारखं असतं, पांढरा ठोकळा आत ठेवला की दात कोरून बाहेर देतं. त्याला मेण लागत नाही, प्लास्टर लागत नाही, रजा लागत नाही आणि त्याच्या मुलीला शाळेतून आणायला जावं लागत नाही. पहिले काही आठवडे आम्हीच त्याचे दात तपासून त्याच्या चुका काढत होतो आणि फार मन लावून काढत होतो. त्या सगळ्या सुधारल्यावर साहेबांनी आम्हाला बोलावून चहा दिला, आमच्या कामाचं तोंड भरून कौतुक केलं आणि घरी पाठवलं. साहेब माणूस चांगला. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. मी मात्र त्यांच्या वरच्या ओळीतल्या पुढच्या दाताकडे बघत होते, कारण तो मीच केला होता आणि खरोखर बरा जमला आहे. (ही माझी खोड तुला ठाऊक आहे. माणसांचे चेहरे मी विसरते, दात विसरत नाही.)

त्यानंतर सगळ्या वस्तूंना माझी नोकरी गेल्याची बातमी कुणी पोचवली कोण जाणे. भाडं वाढलं. वरच्या बाईंनी त्याची चिठ्ठी दाराखालून सरकवली आणि खाली एक हसरा चेहरा काढला. भाजीच्या दुकानात मी आता टोमॅटो हातात घेते, फिरवून बघते आणि पाहुण्यांच्या बाळाला परत करावं तसा जपून परत ठेवते. दूध महाग, बस महाग, तळघरातलं कपडे धुण्याचं यंत्र पूर्वीपेक्षा जास्त नाणी गिळतं आणि कपडे पूर्वीइतकेच ओले बाहेर काढतं. टिकलीच्या पायांना तर काही विचारच नाही. बूट घ्यावेत, ती ते घालून दोनदा शाळेत जाते आणि तिसऱ्यांदा बुटात न मावणारा अंगठा वर करून दाखवते. तिचे बाबा ट्रकवर असतात, माल पोचवायला लांबलांब जातात, आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस घरी येतात आणि तोही झोपण्यात जातो. त्यांचा पगार भाड्याला आणि भाजीला पुरतो, फक्त दोन्हींना एकदम पुरत नाही. आणि वर ते आमचं या देशात राहण्याचं परवानगीपत्र. त्याचं नूतनीकरण करायला घरात अमुक इतकी कमाई दाखवावी लागते, आणि ट्रक एकटा तेवढी दाखवत नाही. म्हणजे मला काम मिळालं तर आम्ही इथे, नाही तर टिकलीला वर्षाच्या मधेच शाळेतून काढून गाशा गुंडाळायचा. आता तू कपाळाला हात लावू नकोस, पुढे वाच.

मी अर्ज केले. इतके केले की एका दवाखान्याने मला, तुम्ही यापूर्वीच तीनदा अर्ज केला आहे, कृपया धीर धरा, असं उत्तर पाठवलं. बाकीच्यांनी तेवढंही पाठवलं नाही. शेवटी एका वयस्कर दंतवैद्यांनी भेटायला बोलावलं. त्यांचा स्वतःचा दवाखाना, मागच्या बाजूला स्वतःची छोटी प्रयोगशाळा, खिडकीतून चांगला उजेड, आणि वेळ सकाळची, टिकलीची शाळा सुटायच्या आत संपणारी. ताई, अशी नोकरी कुणी माझं माप घेऊन शिवली असती तरी इतकी अंगाला बसली नसती. मी केलेले नमुने त्यांनी खिडकीशी नेऊन बघितले, भिंग लावून बघितले आणि खूष झाले. मला चहा घेणार का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नको. त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे केला. मी म्हटलं, नको नको, आत्ताच खाऊन आले. (सकाळपासून पोटात काही नव्हतं.) त्यांनी डबा शांतपणे कपाटात ठेवून दिला. एकदाही पुन्हा विचारलं नाही. तो डबा आत जाताना मी पाहिला, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

पण माझ्या डोक्यात तू बसली आहेस. दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं तरी नको, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की मान खाली घालून थोडंसं घ्यायचं, हा कायदा आईने केला आणि त्याची अंमलबजावणी तुझ्याकडे दिली. तू माझ्या मागे उभी राहायचीस, आणि मी पहिल्याच खेपेला हात पुढे केला की दंडाला असा चिमटा काढायचीस की लाडू समोर असताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. लोक म्हणायचे, किती गुणी मुलगी, खाऊ दिला तर गहिवरते. म्हणून जेव्हा त्या डॉक्टरांनी भिंग खाली ठेवून अगदी प्रेमाने विचारलं की तुम्हाला माझ्याकडे काम करायला आवडेल का, तेव्हा ताई, माझा दंड आपोआप दुखला आणि मी म्हटलं, छे छे, नको, तुमच्याकडे माझ्याहून चांगली माणसं येत असतील.

त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी माझा हात हातात घेतला, प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आणि दारापर्यंत सोडायला आले. मी चपला अडकवल्यासारखं करत रेंगाळले, कारण आपल्याकडे खरा आग्रह दारातच होतो. त्यांनी माझ्यासाठी लिफ्ट बोलावली. मी लिफ्टमध्ये शिरले, वळून उभी राहिले, चेहरा शक्य तितका भिडस्त ठेवला, आणि दार बंद झालं. खाली बसथांब्यावर मी दोन बस सोडल्या, मागून कुणी हाक मारत येईल म्हणून.

रात्री टिकलीच्या बाबांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ते कुठल्याशा पेट्रोल पंपावर उभे होते. मग त्यांनी हळूच विचारलं, किती वेळा विचारलं त्यांनी? मी म्हटलं, एकदाच. मग काय करणार, असं ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. दुसरा कुणी नवरा असता तर डोक्यावर हात मारून घेतला असता. यांच्या घरी पाणीसुद्धा तिसऱ्या खेपेला घेतात. मला त्या वेळी त्यांचा फार आधार वाटला, खरंच. दुसऱ्या दिवशी मी लाज गुंडाळून डॉक्टरांना फोन केला आणि म्हटलं की माझं नको हे नको नव्हतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण आदल्या संध्याकाळीच त्यांनी दुसऱ्या उमेदवाराला विचारलं होतं आणि त्याने प्रश्न पुरा व्हायच्या आत हो म्हटलं होतं. मला वाईट वाटतं, असं ते दोनदा म्हणाले. म्हणजे दुसऱ्यांदा म्हणायची पद्धत त्यांच्यात आहे, फक्त चुकीच्या जागी आहे.

टिकलीला हे सगळं कळलं (या खोलीत काही न कळणं शक्यच नाही) आणि तिने माझी शिकवणी सुरू केली. तिच्यावर तुझा हात फिरलेला नाही, त्यामुळे ती काहीही पुढे आलं की हो म्हणते आणि घेते आणि वर आभार मानते. मी खुर्चीत बसायचं, ती समोर उभी राहून विचारणार, आणि मी लगेच हो म्हणायचं. पहिल्या दिवशी तिने पाणी हवं का, उशी हवी का, असं सभ्य विचारलं. दुसऱ्या दिवसापासून टीव्ही लावू का, आज अंघोळ राहू दे का, शाळेच्या सहलीला पैसे देशील का, असं सुरू झालं, आणि नियमाप्रमाणे मला हो म्हणावं लागलं. पण तिला हसू नकोस. एकदा तिने विचारलं, आई, तू दमलीस का? आणि मी नियमाप्रमाणे हो म्हटलं. मग तिने पुढचा प्रश्न विचारला नाही, माझ्या मांडीवर येऊन बसली. ती आता इतकी उंच झाली आहे की तिचे पाय जमिनीला टेकतात.

या शिकवणीचा गुण आला. मागच्या आठवड्यात एका मोठ्या प्रयोगशाळेत बोलावलं. तिथे तशीच यंत्रं ओळीने आहेत, पण यंत्राने कोरलेल्या दातांना शेवटचा हात माणसाचाच लागतो, रंग चढवायचा, कडा घासायच्या, दात दातासारखा दिसेल असा करायचा. तिथल्या मॅनेजर बाईंनी मला एक दात करायला दिला, तो बघितला आणि म्हणाल्या, तर मग तुम्हाला जर आमच्याकडे... आणि मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, ऐकून तरी घ्या. मी पुन्हा हो म्हटलं. त्या हसल्या, मी सही केली, त्यांनी कॉफी विचारली, मी हो म्हटलं, बिस्किटं विचारली, मी हो म्हटलं, आणि बिस्किट तोंडात असताना त्यांनी मला कामाच्या पाळीची वेळ सांगितली. ती टिकलीची शाळा सुटायच्या सुमाराला सुरू होते आणि तिची झोपायची वेळ टळून गेल्यावर संपते.

असो. नोकरी मिळाली ही मुख्य गोष्ट. पुढच्या महिन्यापासून रुजू व्हायचं आहे. पगार बरा आहे, परवानगीपत्राचं काम होईल, लोक चांगले दिसतात (एका पोराचे दात तर जातिवंत आहेत). टिकलीचीही व्यवस्था होईल, समोरच्या इमारतीत एक बाई मुलं सांभाळतात. तेव्हा तू अजिबात काळजी करू नकोस. गुडघ्याला शेक घे, भावजींना नमस्कार सांग, पोपटाला माझी आठवण सांग. इकडे सगळे खुशाल आहोत. लहानमोठ्यांना ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे नमस्कार-आशीर्वाद तूच सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी दर वाढवला आहे. माझा पगार माझ्या हाताला लागून सरळ त्यांच्या हातात जाईल, आणि टिकली रोज संध्याकाळी परक्या घरी, परक्या टेबलाशी जेवेल. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तू गेल्या वेळी फोनवर म्हणाली होतीस, आता निवृत्तच झालेय, येऊ का तुझ्याकडे थोडे दिवस? मी म्हटलं, नको गं, कशाला इतक्या लांब. तू पुन्हा विचारलंस, मी पुन्हा नको म्हटलं, आणि तेवढ्यात पोपट आला. ताई, मला तू हवी आहेस. टिकलीला शाळेतून आणायला हवी आहेस, आणि मी कामावरून परत आले की दिवा लागलेला असावा म्हणूनही हवी आहेस. भावजींनाही घेऊन ये. पलंग तुम्हा दोघांना देऊ, आम्ही खाली झोपू, स्टँड जिन्यात ठेवू, वरच्या बाईंना काय बोलायचं ते बोलू देत.

दुसरा ता. क. तुला जमण्यासारखं नसेल तर राहू दे. तुझा गुडघा, भावजींची पथ्यं, सगळं सोडून येणं सोपं नाही, मला कळतं. आमचं इथे भागतंय. उगाच ओढाताण करून घेऊ नकोस.

तिसरा ता. क. वरचा ताजा कलम सवयीने लिहिला गेला, तो वाचू नकोस. पाकीट चिकटवायला घेतलं तेव्हा टिकलीने विचारलं, मावशी येणार आहे का? मी तिला हो सांगून बसले आहे.