हलवलं की प्रत केली

३ ऑक्टोबर २००६
शिरोलीच्या ओतकामाच्या फाउंड्रीत आज रुजू झालो. मालक मल्लिकार्जुनअण्णांनी स्वतः चहा पाजला. खोली कारखान्याच्या मागेच, भरपूर उजेडाची. पंधरा तारखेला, रविवारी, क्रांती बाळाला घेऊन जयसिंगपूरहून येईल.
काम सोपं आहे. धातूच्या चाचणीचा प्रोग्राम फक्त जुन्या विंडोजवर चालतो, म्हणून ते अख्खं यंत्र एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात आभासी यंत्र म्हणून ठेवलं आहे. ते नव्या सर्व्हरवर न्यायचं.

६ ऑक्टोबर
नव्या सर्व्हरवर त्याला नेटवर्क मिळेना. नव्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर या जुन्या विंडोजसाठी कुणी केलेलाच नाही. दोन दिवस सीड्या घालून पाहिल्या. शेवटी आभासी कार्डाची जात बदलून जुनी केली, तेव्हा ड्रायव्हर बसला.
पण प्रोग्राम कार्डाचा क्रमांक तपासतो. यंत्र सुरू करताना पडद्यावर प्रश्न येतो : हलवलं की प्रत केली? प्रत म्हटलं की क्रमांक नवा मिळतो आणि प्रोग्राम उघडत नाही. मूळ यंत्र चालूच ठेवा, असं अण्णांनी बजावलं होतं. म्हणजे खरी तर ती प्रतच, तरी मी 'हलवलं' म्हटलं.

९ ऑक्टोबर
एका क्रमांकाची दोन यंत्रं एकमेकांना नेटवर्कबाहेर ढकलत होती. अण्णांना विचारून मूळ बंद केलं. तरी संदेश तोच : हा पत्ता दुसरं यंत्र वापरत आहे. मूळ पुसून टाकलं. तरी तोच.
अण्णा म्हणाले, एका साच्याचे दोन नग निघाले की आम्ही एक फोडून आतून बघतो. कुठला, असं मी विचारलं.
"हाताला लागंल त्यो."

११ ऑक्टोबर
खानावळीत तानाबाईंनी ताटच वाढलं नाही.
"पावणं, आत्ताच जेवून गेलासा की."
चेष्टा वाटली. त्यांनी उष्टं ताट दाखवलं. आमटीतल्या मिरच्या काढून कडेला ओळीनं लावलेल्या. मी तशाच लावतो.

१३ ऑक्टोबर
क्रांतीला फोन केला. ती म्हणाली, मघाशीच तर बोललो आपण, रविवारऐवजी उद्याच ये म्हणालात.
मी म्हणालो नव्हतो. येऊ नकोस, म्हटलं. ती हसली. म्हणाली, हेही सांगितलंत मघाशी, की पुन्हा फोन करून असं म्हणेन.

१४ ऑक्टोबर
सकाळी यंत्र पुन्हा सुरू केलं. 'प्रत केली' म्हणायचं होतं. तो प्रश्न आता येतच नाही —

दुपार. स्टँडवर ती नाही. कंडक्टर म्हणाला, बाळवाल्या बाईंना तुम्हीच रिक्षात बसवलंत की.

खोलीला आतून कडी. पायरीवर बसून लिहितो आहे. लिहिलं नाही तर —
क्रांतीला हाक मारली. तिनं आतल्याला नि मला, दोघांनाही विचारलं, बाळाला आपण दोघंच कुठल्या नावानं हाक मारतो?
आतून उत्तर आलं. माझ्या आवाजात. बरोबर होतं.
ती दाराशी आली. आता तुम्ही सांगा, म्हणाली.
आत्ताच ऐकलं मी ते. दोन अक्षरी. पहिलं —