तारेपासून लांब पडलेली वीज

३ एप्रिल
आजपासून रोज लिहायचं. फक्त कामाचं. वीज तारेवर पडली तर तारेचं काय होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ती तारेपासून लांब, मोकळ्या जमिनीवर पडली तरी तारेत विजेचा दाब चढतो. तो किती, हे आमच्या अख्ख्या वीज कंपनीत कुणी हातानं काढलेलं नाही. मी काढणार. वार्षिक सभेत वाचणार. ही मुलाकडे गेलीय, नातवाला सांभाळायला. बरंच झालं. शांतता हवीच होती.

५ एप्रिल
हिशेब उद्यापासून. आज टेबल आवरलं. साखर सापडेना म्हणून हिला फोन. म्हणाली, डब्यावर लिहिलंय. लिहिलं होतं. फोन लागलाच आहे तर हिशेबही समजावला: विजेचा प्रवाह, गुणिले तारेची उंची, भागिले अंतर. अंतर दुप्पट झालं की दाब निम्मा. ती म्हणाली, बरं, गिझर बंद केलात का? आवड आहे तिला विषयाची. केला नव्हता.

९ एप्रिल
आकडा आला! वीज दोनशे मीटरवर पडली तरी आमच्या वस्तीच्या लाइनवर एक लाख नव्वद हजार व्होल्ट. खांबावरचे इन्सुलेटर त्याच्या निम्म्यालाच हात टेकतात. म्हणजे मोठ्या वादळात वस्ती अंधारात. फार आनंद झाला. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून जिन्यात शेजारच्या काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं बाई, मग फ्रिजमधल्या दुधाचं काय? दुधावर मी अजून विचार केलेला नाही.

१४ एप्रिल
ही अजून थोडे दिवस राहणार. मीच म्हटलं, राहा. सभेसाठी हिला आणि मुलाला पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेवल्यात. मुलगा म्हणाला, बघतो बाबा. म्हणजे येणारच. शर्टाला इस्त्री केली. कॉलर जळली, पण कोटाखाली दिसत नाही.

१९ एप्रिल
सभा झाली. नातवाला ताप, त्यामुळे दोघं आले नाहीत. एका खुर्चीवर साहेबांनी बॅग ठेवली, दुसरीवर कुणीच नाही. मी वाचताना त्या दुसरीकडेच बघत होतो. वाचून झाल्यावर आमच्या विभागातल्या नव्या इंजिनिअर बाईंनी अगदी हळू विचारलं, "सर, खांबाची उंची तेहतीस मीटर कशी? जुन्या नकाशात ती फुटांत आहे ना?" मीटर केल्यावर अठ्ठावन्न हजार व्होल्ट आले. लाइन ठणठणीत. साहेब म्हणाले, वा, म्हणजे काळजीच मिटली, चला जेवायला.
फूट-मीटर हा कारकुनी तपशील आहे. पद्धत बिनचूक होती. जेवताना शेजारी कुणी बसलं नाही. विचार करत असतील.

२४ एप्रिल, संध्याकाळ
दुपारी चारला आभाळ गडगडायला लागलं. जरा आडवा झालो. उठलो तर घरात मिट्ट काळोख! टॉर्चच्या उजेडात लिहितोय. शेवटी वस्ती गेलीच अंधारात. निसर्गाला फूट-मीटर कळत नाहीत. उद्या साहेबांसमोर शांतपणे उभं राहायचं, टोमणा मारायचा नाही. हिला कळवायला हवं. मोबाइल मेलाय.

जरा वेळानं
दार वाजलं. काकू, हातात फोन. त्यांच्या मागे जिन्यातला दिवा लखलखत होता, त्यांच्या घरात टीव्ही चालू. झोपण्याआधी खबरदारी म्हणून मेन स्विच मीच पाडला होता.
फोनवर ही. म्हणाली, "किती वेळ लावतेय फोन! बातम्यांत तुमच्याकडचं वादळ दाखवतायत. जीव टांगणीला लागला माझा." मी सांगितलं, लाइनला काही झालेलं नाही. ती म्हणाली, "लाइन गेली खड्ड्यात. जेवलात का?" हो म्हटलं. मग म्हणाली, "मी काही इतक्यात येत नाही. तुम्हीच या ना इकडे."
मी म्हटलं, इथे कामं फार आहेत.
काकूंचा फोन परत दिला. मेन स्विच वर केला. सगळ्या खोल्यांत एकदम दिवे लागले. कामं कोणती, ते आठवेना.