सागाने गिळलेला खिळा

१३ जून, शुक्रवार

पोचले बाई एकदाची मस्कतला! विमानात इडली दिली, रबरासारखी, तरी टाकली नाही. अल् खुवैरला चंदूचं घर सहाव्या मजल्यावर. खाली रस्त्यावर चालणारं माणूस दिसेल तर शपथ, सगळे गाडीत. सूनबाई देविका मोठ्या ऑफिसात असते, पण माझ्यासाठी तिने तांदळाची भाकरी करायचा घाट घातला. जमली नाही, मी खाल्ली. नात सावनी आठ वर्षांची. मिठी मारून म्हणाली, आजी, मला तुझा स्मेल आवडतो. तिचं मराठी असंच, अर्ध्या वाटेवर बसणारं. ही डायरी तिचीच, शाळेची, कोरी राहिलेली. मी चौथीपर्यंत शिकले, तेव्हा अक्षराला हसायचं नाही.

चंदूचा धंदा मोठा गमतीचा. जुनी घरं पाडतात तिथल्या तुळया, वासे, चौकटी उचलून आणायच्या, लाकूड ओळखून साफ करायचं आणि हॉटेलवाल्यांना विकायचं. ओळखणारं माणूस मिळेना. तेव्हा म्हणाला, आई, सुताराची सून तू, तूच ये. पन्नास वर्षं मी त्या घरात भुसा झाडला हो, लाकडाबद्दल मला कोणी विचारलं ते आज!

१५ जून, रविवार

वादी अदाईला चंदूच्या गोदामात गेले. मुनीर म्हणून मिस्त्री आहे, मुलतानचा, दाढी मेंदीने लाल. मला अम्माजी म्हणतो. त्याने माझी परीक्षाच घेतली. एक तुकडा पुढे करून म्हणाला, बर्मा. मी नखाने ओरखडला, थुंकी लावली, हुंगला. म्हटलं, बर्मा तुझ्या घरी, हा आमच्याकडचा साग, जुन्या चपलेसारखा तेलकट वास बघ. सगळे हसले, तोही हसला. पूर्वी आमच्या किनाऱ्यावरून गलबतं भरून साग इकडे यायचा म्हणे. म्हणजे माझ्या आधी माझं लाकूड येऊन बसलंय! तीन वेळा चहा झाला.

१८ जून, बुधवार

मत्राच्या जुन्या बंदरातल्या एका पडक्या घराची तुळई आली. बारा हात, सरळसोट, आमच्याच सागाची. करवतीखाली खिळा आला तर पातं जातं, म्हणून मुनीर आधी एक यंत्र फिरवतो. लोखंड असलं की ते टुंई करतं. तुळईच्या ऐन मध्यावर टुंई. पण तिथे जोड नाही, भोक नाही, वरून लाकूड साफ. पटाशीने चार बोटं खोल गेलो तेव्हा दिसला. चौकोनी, लोहाराने घडवलेला, आणि भोवती लाकडाची रिंगणं वळलेली. म्हणजे झाड जितं असताना कोणीतरी ठोकला आणि साग वाढत वाढत त्याला गिळून बसला.

मामंजी म्हणायचे, जित्या झाडात उगाच कोणी खिळा मारत नाही, कोणाला तरी बांधून ठेवायला मारतात. तसलं लाकूड त्यांनी कधी कामाला घेतलं नाही. हे मी मुनीरला सांगितलं तर त्याने पटाशीच खाली ठेवली. म्हणे अम्माजी, छोड दो, एवढा तुकडा आपण लांब नेऊन पुरू. पण सगळे माझ्याकडे बघत होते. एक्स्पर्ट ना मी! पक्कड घेतली आणि माझ्या हाताने उपटला. भोक ओलं होतं. एवढं जुनं लाकूड, बोट घातलं तर ओलं.

जाऊ दे. त्या तुकड्याचा सावनीसाठी पाट करायला सांगितलाय. खिळा घरी आणून दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवला, माझी पहिली कामगिरी म्हणून.

२२ जून, रविवार

पाट आला, चकचकीत. शाळेला सुट्टी, चंदू आणि देविका कामावर, घरात आम्ही दोघीच. सावनी पाटावर मांडी घालून जेवली आणि ऐका नवल! मध्येच म्हणाली, माका तान लागली. आमच्या कुडाळकडचं बोलणं! मी तिचा पापाच घेतला. देविकाला फोन लावला, तीही खूश. म्हणे आई, ही तुमचीच जादू.

२६ जून, गुरुवार

आता अडखळतच नाही. मी न शिकवलेलंही बोलते, माझ्या आजेसासूच्या तोंडचे शब्द, मीच विसरलेले. आज म्हणाली की मला बांधलं तेव्हा पायाशी नदी होती आणि वर वानरं ओरडत होती. विचारलं, कोणी बांधलं गं राणी? पाटाला गाल लावून पडली.

दुपारी बघते तर बाल्कनीत उभी. बाहेर पंचेचाळीस डिग्री. पाय अनवाणी, त्या फरशीवर माझा तळवा टेकेना. दोन्ही हात वर, तोंड उन्हाकडे. घामाचा थेंब नाही. आत ओढलं तर हलेना. आठ वर्षांची पोर, मला हलेना.

३० जून, सोमवार

डब्यात खिळा नाही. सगळं घर शोधलं.

चंदूला सांगितलं. म्हणाला, आई, मुलं नकला करतात, तू मालिका कमी बघ. पाट घेऊन गोदामात गेले. मुनीरने तो ठोकून बघितला. साग असा वाजत नाही, वाळक्या भोपळ्यासारखा. म्हणाला, जे होतं ते आता यात नाही. कुठे गेलं, ते त्याने विचारलं नाही.

मी उपटला. मीच.

२ जुलै, बुधवार

आज तिच्यासमोर बसले. तिच्या नाही, त्याच्या. म्हटलं, पोरीला सोड, चूक माझी आहे. माझ्यात ये, मी तुला विमानाने गावाला नेते, नदीवर सोडते—

तिने वाकून माझ्या कपाळावर बोटाच्या पेराने ठोकलं. तीनदा. कान लावून ऐकलं. मग म्हणाली की तू जून झालीस, आतून पोकळ. मला वाढतं झाड लागतं.

निदान दाखवून आणायला हवं, एवढं चंदूला शेवटी पटलं. उद्या संध्याकाळी डॉक्टर. संध्याकाळपर्यंत फक्त—

३ जुलै, गुरुवार, दुपार

माझी सावनी परत आली होती, थोडा वेळ. अडखळत म्हणाली, आजी, हेडमध्ये दुखतं. मांडीवर घेतलं. तेल लावलं. टाळूवर बोट अडलं—

चौकोनी. गार.

रक्त नाही. कातडी चारी बाजूंनी वर चढतेय. मी बघत असतानाच—

काढला तर पोरीचं काय होईल? नाही काढला तर संध्याकाळपर्यंत झाकून जाईल, कोणाला दिसणार नाही, डॉक्टरलाही नाही, आणि ती वाढत राहील, त्याच्याभोवती—

चंदू फोन उचलत नाही. देविकाही. पक्कड आणलीय. सावनी रडते, आजी नको, प्लीज नको. ती रडते की ते—

आता दिसतही नाही, नुसता बोटाला लागतो. लिहून ठेवते, तुला कळायला हवं. चंदू, मी हे तिला वाचवाय—